बाराशे तीस मेलेले नाकतोडे

गेल्या वर्षी २३ ऑगस्टला, शनिवारी सकाळी, भाताच्या बांधावर अठराशे रुपयांचा विषय निघाला. हजर होतो मी, माझी बायको, चुलतभाऊ म्हणजे आमचा दादा, आणि वहिनी. भातावर नाकतोडे आले होते. पानांच्या कडा करवत फिरवल्यासारख्या दिसत होत्या. फवारणीवाला औषधासकट अठराशे मागत होता. दादाचं भात वीस गुंठे, माझं शेजारचं दहा, म्हणजे माझ्या वाट्याला सहाशे.

मी नकार दिला. मधमाश्या, बेडूक, जमिनीचा पोत अशी कारणं सांगितली. कारणं खोटी नव्हती, पण ती मला त्या सकाळी सुचली. सहाशे त्याच्या आधी सुचले होते.

वहिनींची लवळ्याला मेस आहे. कॉलेजची चाळीसेक मुलं जेवायला असतात, आणि घरच्या इंद्रायणीचा भात मिळतो म्हणूनच टिकून आहेत. तांदूळ विकत घ्यावा लागला तर मेसमध्ये काही उरत नाही, हे मला माहीत होतं, कारण त्यांचा हिशेब मीच बघतो.

"माझा भात गेला तर पोरांना काय तुमची कारणं वाढू व्हय?" वहिनी म्हणाल्या.

"निंबोळी आणि लसणाचा अर्क मी करतो. तीसही गुंठे मीच मारतो. पीक कमी आलं तर तुमचं नुकसान मी भरून देईन."

"चौघांत बोललाय बरं का भावजी."

बायकोनं फवारणीवाल्याचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये जपून ठेवला. आमच्या घरात हे चांगलं लक्षण नाही.

हिंजवडीत एका कंपनीत हिशेब तपासणं ही माझी नोकरी, त्यामुळे अर्क मारून गप्प बसणं मला जमलं नाही. माझ्या शेतात एक गुंठा मापून चार कोपऱ्यांना काठ्या रोवल्या आणि रोज कामावर जाण्याआधी तिथले मेलेले नाकतोडे मोजायला लागलो. पहिले काही दिवस एकही मेला नाही. मग एका रविवारी सकाळी पानापानावर मेलेले. पांढरट पडलेले, कागदासारखे हलके, पाय पानाला घट्ट धरून तसेच गेलेले. संध्याकाळपर्यंत एका गुंठ्यात एकेचाळीस भरले. तीस गुंठ्यांत बाराशे तीस. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी तो आकडा फोटोसकट टाकला.

फोटोत प्रत्येकाच्या पाठीवर उभी चीर दिसत होती. दादानं विचारलं, "ह्ये पाठीत कशानं फाटलं?"

"लसणानं," मी म्हणालो. "आतून उष्णता होते."

"आन् आतलं मास कुटं गेलं?"

"मुंग्यांनी नेलं."

त्याला पटलं की नाही कळलं नाही. मला पूर्ण पटलं होतं. जिवंत नाकतोडे कमी झाल्यासारखे दिसत नव्हते, उलट अंगानं थोराड वाटत होते. त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं: खाणारी तोंडं कमी झाली, उरलेल्यांना जास्त मिळतं. कामावर कुणी असा खुलासा लिहून दिला असता तर मी कागद परत पाठवला असता.

सप्टेंबरच्या मध्यावर मी एक नाकतोडा मरताना बघायचं ठरवलं. तो एका काडीला डोकं खाली करून लटकला होता. मी मोबाइल धरून समोर उकिडवा बसलो. त्याची पाठ फुगली, मानेमागे चीर पडली, आणि लसणाचा गुण आला म्हणून मी मनात स्वतःला शाबासकी दिली. चिरेतून एक डोकं बाहेर आलं. मग छाती, मग पुढचे पाय. मागचे लांब पाय तर त्यानं अरुंद विजारीतून काढावेत तसे एकेक करून सोडवले. फिकट हिरवा, ओला, मऊ नाकतोडा आपल्याच जुन्या सालीशेजारी लटकत राहिला. पाठीवर ओल्या रुमालाचा बोळा असावा तसे पंख चुरगळलेले होते. ते हळूहळू उलगडत शेपटीपर्यंत आले. मी जागचा हललो नाही. मांड्या बधिर झाल्या, कामावर लेट मार्क लागला.

नाकतोड्याचं पिल्लू मोठं होताना पाच-सहा वेळा कात टाकतं आणि शेवटच्या कातीनंतर त्याला पूर्ण पंख येतात, हे मी त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत वाचलं. म्हणजे मी मोजत होतो ते त्यांनी काढून टाकलेले कपडे होते.

संध्याकाळी थेट मेसवर गेलो. वहिनी कणीक मळत होत्या.

"वहिनी, ते मेले नव्हते. ती त्यांची कात होती."

त्यांचे हात थांबले. "म्हंजी बाराशे नाकतोडे मोठे झाले?"

"बाराशे तीस."

"लई गुणाचं औषद हाय भावजी तुमचं. आमच्या पोरांना द्या थोडं, वाळलीत बगा."

हसल्या, पण पीठ परातीतच ठेवून दादाला फोन लावला. दादा म्हणाला की भात फुलोऱ्यात आलाय, फवारलं तर दाणा भरणार नाही, आता फवारणीला हात लावायचा नाही. आणि पंखवाले नाकतोडे कोवळ्या लोंब्यांचे देठ कुरतडतात. पान गेलं तर पान येतं, लोंबी गेली की दाणा गेला.

मोजणीतून मला एकच उपयोगी गोष्ट कळली होती. सकाळी गारठ्यात नाकतोड्याला उडी मारता येत नाही. तो शेंड्यावर चढतो, ऊन आलं की त्याला अंगाची बाजू देऊन बसतो, आणि अंग तापल्यावरच चपळ होतो. भाताचा फुलोरा उघडतो तो त्यानंतर, म्हणजे त्याआधी शेंडे हलवले तरी चालतात. मी हे सांगितलं तेव्हा आधीच्या लौकिकामुळे कुणी मान हलवली नाही. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताच चौघंही शेतात हजर होतो. बायकोनं घरातली मच्छरदाणी आणली. दोघांनी दोन टोकं धरायची, शेंड्यांवरून अलगद ओढत न्यायची, मधे पडलेले पोत्यात झटकायचे.

मी हातानंही पकडत होतो. नाकतोड्याचा मागचा पाय धरला तर तो पाय तुमच्या हातात सोडून निघून जातो. माझ्या पिशवीत नऊ नाकतोडे आणि सतरा सुटे पाय निघाले.

"त्यांना ऐकू येतं का रे?" दादानं विचारलं.

"येतं. कान पोटाच्या बाजूला असतात."

"मंग तू जरा गप ऱ्हा."

आठवडाभर हे चाललं. कोंबड्या पोत्याची वाट बघायला लागल्या. मच्छरदाणी मधोमध फाटली. नाकतोडे संपले नाहीत, पण लोंब्या पडायच्या थांबल्या.

दिवाळीनंतर मळणी झाली. दादाच्या वीस गुंठ्यांत आदल्या वर्षी साठ किलोची चौदा पोती भरली होती, या वर्षी बारा. १६ नोव्हेंबरच्या रविवारी मी बांध उकरत होतो. नाकतोड्याची मादी पोट मातीत खुपसून अंडी घालते आणि पावसाळ्यापर्यंत ती तिथंच राहतात, म्हणून ते काम दादानं माझ्या अंगावर टाकलं होतं. तांदळाएवढ्या पिवळ्या अंड्यांचे मातकट पुंजके निघत होते.

"मोजत बसू नका, उकरा," मागून वहिनी म्हणाल्या.

मी खिशातून कागद काढला. दोन पोती म्हणजे एकशेवीस किलो, पंचवीसचा दर, तीन हजार. त्यातून सप्टेंबरच्या जादा पावसाचा काही भाग वजा करावा, असं माझं म्हणणं होतं.

"पावसाचं मी पावसाकडनं घीन," वहिनी म्हणाल्या. "तुमचं तुमी द्या. दोन पोती भात मला आता इकत घ्यायचाय."

मी कागदावरची पावसाची ओळ खोडली. रोख तीन हजार वहिनींना दिले. त्यांनी बांधावर उभं राहूनच दोनदा मोजले. घरी आल्यावर चारशे ऐंशी बायकोला, नव्या मच्छरदाणीचे.