लालबागच्या नाक्यावरचं पंक्चर

एकनाथ गेल्याचं मला दुधाच्या रांगेत कळलं. काळाचौकीच्या आमच्या जुन्या चाळीतला एक जण पुढे उभा होता, तो म्हणाला, "एकनाथ गेला परवा. तुमच्या ओळखीचा होता ना?" ओळखीचा! एकेकाळी एका ताटात जेवलेला माणूस. आणि खरं सांगतो, तिथे उभ्या उभ्या माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता हा कधीच कबूल करणार नाही. मित्राच्या मरणावर असं मनात आणावं का कोणी? मी आणलं. त्याला महिना होऊन गेला, तरी स्वतःची लाज वाटते.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. मी गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचो, एकनाथ लालबागच्या गिरणीत फिटर. राहायला दोघे एकाच चाळीत, एकाच मजल्यावर. छापखान्यातून पत्रकं सायकलवरून आणायचं काम आमच्याकडे होतं. पिशवीत तळाला पत्रकं, वर मेथीच्या जुड्या, आणि ती पिशवी माझ्या हँडलला. एकनाथ पहिली पाळी संपवून गिरगावात यायचा आणि रिकाम्या हाताने नुसता सोबतीला असायचा. चाळीतले मास्तर आमचे पुढारी. त्यांनी बजावलं होतं की काही झालं तरी पिशवीवाल्याने थांबायचं नाही, त्याला धरलंच तर सोबत्याने चाळीत खबर द्यायची.

लालबागच्या नाक्यावर पोलीस सायकली अडवून पिशव्या उलट्या करीत. आणि एकनाथचं मागचं चाक बसायचं ते नेमकं तिथेच. एकदा झालं, दोनदा झालं... गिरणीतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःची एक ट्यूब धड ठेवता येऊ नये? नाका दिसू लागला की तो हळूच म्हणायचा, "हवा गेली. तू फुडे हो रे बाळा, मी येतंय मागसून." मग पोलिसांच्या पुढ्यातच सायकल उलटी करायचा, पान्याने टायर उचकटायचा आणि हवालदाराकडेच पाणी मागायचा. एकदा मी पुढे जाऊन मान वळवलीच. घमेल्यातल्या पाण्यात एकनाथ ट्यूब दाबून फिरवतोय, दोन हवालदार ओणवे होऊन बुडबुडे शोधताहेत, तिसऱ्याने चाक धरलंय. "काय एकनाथ, आज पण?" तिसरा म्हणाला आणि सगळे हसले. नावानिशी हाक!

"तुझं बरं तिथेच पंक्चर होतं?" मी त्याला चाळीत विचारलं होतं. "रस्तो पोलिसांचो, खिळेय तेंचेच," म्हणून तो हसला. मीही हसलो, पण घरी जाऊन त्याच्या हसण्याचा कीस पाडत बसलो.

शेवटी मी मास्तरांच्या कानावर घातलं. एकनाथ पोलिसांचा खबऱ्या असावा... 'असावा' म्हणालो, 'आहे' म्हणालो नाही, याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं. मास्तरांनी त्याला कामातून काढलं आणि चाळीत असली गोष्ट लपते थोडीच! गणपतीच्या आरतीला एकनाथ आला की माणसं बाजूला सरू लागली. पुढच्या खेपेला मी एकटाच निघालो. नाक्यावर मला अडवलं, मेथी रस्त्यावर पडली आणि मी आठ दिवस कोठडीत काढले. बाहेर आलो तो खात्री करूनच. सूड म्हणून त्यानेच सांगितलं असणार, दुसरं कोण? मग मी त्याच्याशी कधीच बोललो नाही. पुढे दादरला राहायला गेलो. त्याच्या लग्नाची पत्रिका आली, तीसुद्धा मी उघडली नाही.

तेरावं झाल्यावर मात्र राहवेना. गेलो. सुमनवहिनींना मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाव सांगितल्यावर त्यांनी खुंटीवरची एक जुनी, कडक झालेली ट्यूब काढून माझ्या हातात दिली. "टाकू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "भायखळ्याला थांबून टाचणी टोचायचे. पोलीस माझी ट्यूब बघत बसतात तवर बाळा सुटतो, म्हणायचे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमच्या तोंडावर सगळं दिसतं म्हणायचे. नाक्यावर तुम्ही हसला असता, भावोजी."

"आणि नंतर? चाळीने वाळीत टाकल्यावर?"

"तुम्ही येऊन विचाराल म्हणून थांबलेले."

बायको नवऱ्याचं चांगलंच सांगणार, असं माझ्या मनात आलंच. मी ट्यूब फिरवून पाहिली. सगळी ठिगळं वीतभर जागेत, एकाला एक चिकटून. रस्त्यावरच्या खिळ्याला दर वेळी ट्यूबचा तेवढाच तुकडा कसा सापडेल? आणि तो सोबत होता तोवर मला कोणी एकदाही अडवलं नव्हतं, हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत कसं आलं नाही... सगळं समोर होतं, तरी तोंडून गेलंच, "खरंच का वहिनी?"

वहिनींनी ट्यूब माझ्या हातातून काढून घेतली, पदराने पुसली आणि परत खुंटीला लावली.