न वाचता केलेली सही

वडगावात तहसील कचेरीच्या मागं कमरजहाँभाभींचं टायपिंगचं दुकान आहे. शेजारच्या टेबलावर मी, गोरख, वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देतोय. माझी जीभ तिखट, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं भाभींकडे सरकतात. कुणाचं उगाच कौतुक करणं मला जमत नाही. पण या बाईनं मार्चमध्ये जे केलं त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

भाभींनी अकरा वर्षांपूर्वी जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आताच्या युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि लिनक्स नावाच्या एका मोफत संगणक प्रणालीला देऊन टाकला. तिथं अशा प्रोग्रामला पॅकेज म्हणतात. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ मजकूर, कुणीही उघडून वाचावा. नवं अपडेट निघालं की सांभाळणाऱ्यानं त्यावर डिजिटल सही करायची, आणि ती सही बघूनच लोकांची मशीनं ते घेतात. दुकान सासऱ्यांचं, घर नवऱ्याचं. हे पॅकेज तेवढं भाभींचं स्वतःचं होतं, आणि त्याची ऐट त्यांच्या चालण्यात दिसायची.

दोन वर्षांपूर्वी ईमेलवरून एक माणूस मदतीला आला. चुका शोधायचा, दुरुस्त्या पाठवायचा. ताई म्हणायचा, भाभींच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी करायचा. मराठी इतकं सुरेख की भाभी त्याची पत्रं मला वाचून दाखवायच्या, आणि न बघितलेला भाऊ मिळाला म्हणून मी त्यांना चिडवायचो. असलं मराठी लिहिणारा माणूस लबाड असेल असं मलाही वाटलं नाही. हळूहळू सोर्स कोडवरून नव्या आवृत्तीची, मशीनवर चालणारी फाइल तोच बांधून पाठवायला लागला. भाभी सही करून पुढं धाडायच्या.

मार्चमध्ये रस्ता खोदताना केबल तुटली आणि इंटरनेट गेलं. मी औंढ्याच्या धोंडाबाईंचं जुन्या फॉन्टमधलं मृत्युपत्र युनिकोडमध्ये बदलायला घेतलं, तर प्रोग्राम जागचा हलेना. मी भाभींवर खेकसलो. त्या हातातलं काम टाकून माझ्या स्क्रीनपाशी आल्या. हे काम मशीनच्या आतल्या आत होतं, त्याला इंटरनेट लागतंच कशाला?

दोन तास त्या स्क्रीनपुढून उठल्या नाहीत. जाहीर ठेवलेल्या सोर्स कोडची प्रत त्यांच्या मशीनवर होती, तिच्यात काही वावगं नव्हतं. त्या माणसानं बांधलेल्या फाइलीत मात्र वीस ओळी जास्त होत्या. बदललेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत गुपचूप बाहेर जात होती, पाच महिने झाले. वाटण्या, फारकती, मृत्युपत्रं, लोकांनी विश्वासानं सांगितलेलं सगळं कुणाच्या तरी हाती पडलं होतं. इंटरनेट परत आल्यावर भाभींनी त्या माणसाला लिहिलं, तर त्याचा ईमेलचा पत्ताच बंद झाला होता.

त्याहून मोठा धक्का मला भाभींचा बसला. अंगठा उठवणाऱ्याला अर्जाची ओळ न ओळ वाचून दाखवल्याशिवाय ही बाई शाईचा पॅड पुढं करत नाही. आणि तिनंच न वाचता सही केली होती.

मी हळूच म्हणालो, "भाभी, त्या वीस वळी काडून टाका आन् नवं अपडेट धाडा. कुनाला कळनार बी न्हाई."

"आणि ज्यांचे कागद गेले त्यांना, गोरखभाऊ? त्यांना कळायला नको?"

त्यांनी ओळी काढलेली आवृत्ती तयार केली. ती दुसऱ्या कुणीतरी तपासून स्वतःच्या सहीनं पाठवावी, असं त्या लिनक्सवाल्यांना कळवलं. मग सगळ्यांसाठी जाहीर पत्र लिहिलं. मला वाटलं, त्या भामट्याला फाडून खातील. मी असतो तर खाल्लं असतं. पण त्याचा दोष एका ओळीत उरकला होता आणि पुढं सगळा स्वतःचा. त्यांनी लिहिलं होतं, "तपासायचं काम माझं होतं, मी केलं नाही, माझी सही रद्द करा."

"अवो, तुमचं असं दुसरं हाये तरी काय?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि पत्र पाठवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सही रद्द झाली. पॅकेजच्या पानावर भाभींचं नाव असायचं तिथं आता लिहिलंय, सांभाळायला कोणी नाही. सकाळी शटर वर केलं की त्या आधी ते पान उघडतात, कुणी पुढं आलंय का बघायला. अजून कुणी आलेलं नाही.