देवीले बोललेली गाय

नवस बोलण्यात माह्यावाणी पट्टीचा माणूस अख्ख्या मूर्तिजापुरात नाही. फेडण्यात मात्र मी इतका कच्चा, का देवीनं माह्या नावापुढं कवाचीच फुली मारली असन.

ते तसंच चाललं असतं, पण देवळात कुसुमकाकू बसत. जुन्या पुजाऱ्याची लेक. नवरा गेल्यावर माहेरीच राहिली. हडकुळी बाई, चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथं दोरा बांधून कानात अडकवलेला. दुपारी खांबाले टेकून पोथी वाचत. कोणी नारळ घेऊन नवस बोलाले आलं का चष्म्यावरून पाहत अन् म्हणत, "बस. आधी पाणी पे. धावत आलेल्या माणसाचं बोलणं देव लिहून घेत नाही." पाणी पिता पिता अर्धे लोक नवसच इसरत. त्यांचा पुजारी भाऊ चिडे, "ताई, तू लोकं पळवून राहिली." काकू म्हणत, "पळू दे. रुसणारा पाहुणा पान वाढाच्या आधी गेलेला बरा."

एकडाव अकोल्याचे एक वकील आले. नातू व्हावा म्हणून चांदीचा पाळणा बोलले होते, झाल्यावर आणला तो पत्र्याचा, वरतून मुलामा. काकूनं नखानं टिचकी मारली. वकील म्हणे, "काकू, भावना महत्त्वाची." काकू म्हणे, "मंग भावनाच आणाची, पत्रा कावून आणला?"

मी लोडर ऑटो चालवतो. शाळा दुसरीपर्यंत झाली. पण दुसरीत दोन वर्षं होतो, ते धरलं त तिसरी होते. पोथी वाचता येत नाही, म्हणून भाडं नसलं का काकूजवळ जाऊन ऐकत बसो. काकू यंदा थंडीत गेल्या. आता तिथं बसलं त बसवत नाही. उठतो, ऑटो पुसतो, परत येऊन बसतो. डोक्यात एकच सकाळ फिरत राहते.

काकू गेल्या त्याच्या आधीच्या साली माही बायको सुशीला, तिच्या पित्ताशयात खडे निघाले. अकोल्याले ऑपरेशन. डॉक्टर म्हणे, एक घंटा. तीन घंटे झाले तरी दार उघडेना. मी बाकड्यावरून उठू, बसू, परत उठू. शेवटी बोलून गेलो, "माय, सुशीला जिती बाहेर येऊ दे, हौशी तुले सोडतो." तितक्यात दार उघडलं. नर्स म्हणे, "झालं, बरी हाये." देवीनं इतक्या लवकर ऐकलं का मले भाव कराले वेळच नाही भेटला.

हौशी म्हणजे गाय. देवीले सोडली म्हणजे शिंगाले गुलाल लावाचा अन् दावं काढाचं. मंग तिले कोणी बांधाचं नाही, कोणी धार काढाची नाही. अन् सुशीलाचा जीव त्या गाईत. नांदगाव खंडेश्वरहून, माहेरून, कालवड म्हणून घेऊन आली होती. शुद्धीवर आल्यावर पहिला सवाल केला, "हौशीले कुटार टाकलं का?" माहं नाव तिसऱ्या सवालात आलं.

आता हिले सांगाचं कसं? म्हटलं टाके निघू दे. टाके निघाले. म्हटलं वासरू मोठं होऊ दे. मंग पोळा होऊ दे. रोज सकाळी हौशी माह्याकडं पाहे, मी नजर चोरो. जेवण जाये ना, झोप लागे ना. अन् एक दिवस सुशीलाले ताप भरला. म्हटलं झालं, देवी दिलेली बायको वापस नेऊन राहिली. तांबडं फुटताच सुशीला झोपेत असताना गाय खुंट्यावरून सोडली अन् दावं धरून थेट देवळात नेली.

काकू झाडून राहिल्या होत्या. मी एका दमात सारं सांगतलं. पाणी पे म्हणाल्या नाहीत, हेच नवल.

"कोणाची गाय?"

"माही."

"धार कोण काढते?"

"सुशीला."

"शेण?"

"सुशीला."

"तू जवळ गेला त काय करते?"

"लाथ मारते."

"गाईले समजते ते तुले समजत नाही," काकू म्हणाल्या अन् पायरीवर बसल्या. "पोथीत एक राजा हाये. पोरगं होऊ दे, तेच तुले वाहतो, असं देवाले बोलला. पोरगं झालं. मंग म्हणे दात येऊ द्या. आले. म्हणे दुधाचे पडू द्या. तुह्यावाणीच. पोरगं मोठं झालं अन् रानात पळून गेलं. त्याले कोणी इचारलंच नव्हतं नं! अरे, देवाले वाहताना 'हे माहं नाही' असं म्हणा लागते. आधी माहं असन, तवाच त माहं नाही म्हणता येते."

"मंग काकू, मी तंबाखूचा खर्रा खाणं सोडतो. तो पक्का माहा हाये."

"जे थुंकाचंच होतं ते देवीच्या पायावर नोको थुंकू."

तितक्यात सुशीला आली. अंगावर शाल, डोळे तापानं लाल, पायात माही चप्पल. गोठा रिकामा पाहून निघाली होती. काकूनं मानेनं खूण केली, सांग. मंग मी सांगतलं. अकोल्याचं, तीन घंट्याचं, सारं. नेहमीसारखा मधात जोक टाकाले गेलो, तो अर्ध्यातच सोडला.

सुशीलानं हौशीच्या मानेवरून हात फिरवला. काकू म्हणाल्या, "बाई, गाय तुही. नाही म्हटलं तरी देवी रागावत नाही, मी सांगतो."

"मंगळवारची धार देवीची," सुशीला म्हणाली. "गाय माही."

"हे देवीनं लिहून घेतलं," काकू म्हणाल्या अन् परत झाडू घेतला.

माहा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "सुशीला, पाह्य, तुह्यासाठी मी देवीसंग किती मोठं बोललो होतो!"

"तुमी तिथं बाहेर भेऊन राहिले होते, हे देवीले सांगतलं, काकूले सांगतलं," ती म्हणाली. "मलेच तेवढं नाही सांगतलं. आता मोठेपणा नोका सांगू. दावं धरा अन् चाला, वासरू उपाशी हाये."