ड्रायव्हरसाहेबांसाठी सोयीची जागा

घर पाहावं बांधून, अशी म्हण आहे. ती काढणाऱ्याने भाड्याचं घर कधी शोधलेलं नसावं. बांधणाऱ्याला निदान आपली जमीन कुठे आहे ते तरी ठाऊक असतं. भाड्याचं शोधणाऱ्याला अख्खं शहर मोकळं, आणि सल्ला द्यायला अख्खं शहर तयार! पडदेबाईंना राहती जागा सोडायची आहे असं कळायचा अवकाश, जो तो सांगत सुटला. दुकानाचे मालक म्हणाले, स्टेशनजवळ बघा, कामावर वेळेत याल. शेजारीण म्हणाली, दवाखान्याजवळ बघा, आता काय आपली वयं राहिलीत? कापड कापणारा म्हणाला, छे छे, शहराबाहेर जा, हवा काय असते ते तरी कळेल. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, सोयीची जागा. पण कोणाच्या सोयीची, हे विचारायला कोणी थांबत नव्हतं.

पडदेबाई पडद्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर मशीनवर बसायच्या. हॉटेलांचे, बंगल्यांचे, ऑफिसांचे पडदे शिवायच्या. ऊन आत येऊ द्यायचं नाही, शेजाऱ्याची नजर आत येऊ द्यायची नाही, रस्त्याचा आवाज आत येऊ द्यायचा नाही, हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "बाई, शांत झोप लागेल असं काहीतरी द्या." मग बाई जाड कापडाला मागून काळं अस्तर लावून द्यायच्या. इतकी वर्षं हेच ऐकल्यावर शांतता म्हणजे सुख, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यात त्यांचं काय चुकलं?

घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. त्यांच्या यजमानांची नजर चालली होती. हे यजमान म्हणजे ड्रायव्हरसाहेब. जन्मभर एका कंपनीची बस चालवली, म्हणून सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारायची. डोळ्यांचं दुखणं असं, की कडेकडेने अंधार आत सरकत येतो आणि मधलं तेवढं दिसत राहतं. नोकरी सुटली, पण माणूस खचला नाही. राहती गल्ली पायाखालची, त्यामुळे पावाच्या दुकानात, न्हाव्याकडे, बागेतल्या बाकावर एकटेच जायचे. बाईंनी विचारलं, "आज किती दिसतंय?" की उत्तर ठरलेलं, "ताटाएवढं. पोट भरतं तेवढ्यात."

आणि नेमकी आत्ता इमारत पाडायची निघाली! डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "हलायचंच आहे तर नजर आहे तोवर हला. नवी जागा डोळ्यांनी बघून बघून पायांत बसू द्या. मग अंधार झाला तरी माणूस हिंडतो. अंधार झाल्यावर जागा बदललीत, तर खुर्चीतून उठायचे नाहीत."

झालं. त्या दिवसापासून बाईंच्या जिवाला घोर लागला. मशीनवर बसल्या तरी डोळ्यांपुढे तीच खुर्ची. आपण सकाळी कुलूप लावून बाहेर पडतोय आणि आत, अनोळखी भिंतींच्या मध्ये, हा मोकळाढाकळा माणूस दिवसभर हात मांडीवर ठेवून बसलाय. सुई दोनदा बोटात गेली. मालक म्हणाले, "बाई, लक्ष कुठे आहे?" लक्ष कुठे असणार! जिथे ठेवायचं ती जागाच सापडत नव्हती.

सुट्टीच्या दिवशी बाई जागा बघायला निघायच्या. सोबतीला धाकटी नणंद, ड्रायव्हरसाहेबांची तायडी. ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये कामाला, जिभेला हाड नाही, पण भावावर जीव. पहिल्याच दिवशी बाईंनी पिशवीतून काळ्या अस्तराची पट्टी काढली आणि भर रस्त्यात डोळ्यांवर बांधली.

"वहिनी, अगं हे काय भलतंच?"

"तुझ्या दादाला चालायचंय इथे. मला चालता आलं, तर त्यांना येईल. तू फक्त गाडी आली तर ओढ मला."

"लोक म्हणतील, बाईचं डोकं फिरलं."

"म्हणू देत. लोक काय घरी येऊन जेवायला वाढणार आहेत?"

असा तो शोध. स्टेशनजवळचा भाग पट्टी बांधायच्या आधीच बाद झाला, कारण फुटपाथ दुकानांनी खाल्लेला. दवाखान्याजवळच्या रस्त्यावर बाई दहा-बारा पावलं गेल्या आणि उभ्या केलेल्या स्कूटरवर आपटल्या. गुडघा सुजला. मग कारखान्यांच्या मागची वस्ती. घर खालच्या मजल्यावर, दोन खोल्या, भाडं परवडणारं. पण बाहेर? एका बाजूला वेल्डिंग, एका बाजूला टायरचं दुकान, समोर बेकरी, पलीकडे शाळा. बाईंनी पट्टी बांधून पाऊल टाकायचा अवकाश, चारी बाजूंनी ओरडा सुरू. "ओ बाई, आंधळ्या झालात का?" "अहो, पाइप आहे तिथं, पाइप!" "हिला कोणीतरी बाजूला घ्या रे!" बाईंना काहीच समजेना. त्यांनी पट्टी ओढून काढली आणि रडकुंडीला येऊन नणंदेला म्हणाल्या, "चल इथून. ही काय माणसं आहेत? घरी परत येईपर्यंत जीव जाईल ह्यांचा."

आणि मग ती वसाहत सापडली. शहराच्या टोकाला, बसचा शेवटचा थांबा. रुंद, सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना कापलेली कुंपणं, कुठे खड्डा नाही, फेरीवाला नाही, हॉर्न नाही. बाईंनी आधी रस्ता नीट बघून घेतला, मग पट्टी बांधून फाटकापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेल्या आणि परतही आल्या. कशाला धक्का नाही की ठेच नाही! पट्टी सोडली तेव्हा चेहरा असा फुलला होता, की नणंदही टोमणा मारायचं विसरली. बाईंना कामावर यायला-जायला दोन बसा बदलाव्या लागणार होत्या, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. आपल्या पायांचे हाल होईनात का, त्यांचे पाय सुटे राहिले म्हणजे झालं.

घरी येऊन त्यांनी सगळं वर्णन केलं. ड्रायव्हरसाहेब चहाचा कप दोन्ही हातांत धरून ऐकत होते.

"छान आहे म्हणतेस ना? मग घेऊन टाक."

"तुम्ही बघा तरी आधी. बघण्यासाठीच तर घाई चाललीय."

"बघू की."

पुढच्या सुट्टीला तिघं गेली. एजंट दार उघडून, किल्ली हातात फिरवत उभा. ड्रायव्हरसाहेबांनी भिंतीवरून हात फिरवला, खिडकीशी गेले, बाहेर तोंड करून म्हणाले, "वा, मोकळं आहे." बाईंनी टेप काढून खिडक्यांची मापं घ्यायला सुरुवातही केली. सवय, दुसरं काय! तेवढ्यात साहेब म्हणाले, "मी जरा दुकानापर्यंत जाऊन येतो. एकटाच जातो. राहायचं मला आहे."

बाईंनी टेप गुंडाळली. हेच तर हवं होतं! फाटकापाशी नेऊन त्यांनी सगळं समजावलं, सरळ जायचं, कोपऱ्यावर हिरवी पाटी, तेच दुकान, तसंच सरळ परत. साहेबांनी मान हलवली, काठी घेतली आणि निघाले.

बाई वर आल्या. एका खिडकीचं माप घेतलं, दुसरीचं घेतलं, आणि पहिलीचं विसरल्या. पुन्हा घेतलं. नणंद म्हणाली, "येईल गं, कोणाशी तरी गप्पा मारत बसला असेल." एजंटाने दोनदा किल्ली वाजवली. मग मात्र बाईंना राहवेना. टेप तिथेच टाकून त्या जिना उतरल्या.

रस्ता रिकामा होता. दुकानदार म्हणाला, कोणीच आलेलं नाही. बाई पहिल्या गल्लीत शिरल्या, तीही रिकामी. दुसरी तशीच, तीच कुंपणं, तीच फाटकं, आणि कुठे चिटपाखरू नाही. "अहो!" बाईंनी हाक मारली. मग जोरात मारली. एका गॅलरीत एक बाई झाडांना पाणी घालत होत्या, त्या वाकून म्हणाल्या, "काठीवाले गृहस्थ का? गेले की इथून. दोनतीनदा गेले, आले."

"मग तुम्ही विचारलं नाहीत, काय हवंय म्हणून?"

"मला वाटलं, फिरायला आलेत. उगाच कशाला कोणाच्या मध्ये पडायचं?"

बाईंना असं झालं, की पाण्याची झारी हिच्याच डोक्यावर ओतावी. पण भांडायला वेळ कुठे होता?

साहेब तिसऱ्या गल्लीच्या टोकाला सापडले. एका बंद फाटकाजवळ, तळवा भिंतीला टेकवून, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. बाई चार पावलांवर येऊन थांबल्या, समोर येऊन उभ्या राहिल्या, तरी त्यांची नजर हलली नाही. बाई अगदी नाकासमोर होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या.

साहेब दचकले. मग हसायचा प्रयत्न केला. "किती वेळची आहेस इथं?"

"किती दिसतंय तुम्हाला? ताटाएवढं म्हणाला होतात ना?"

साहेबांनी तळवा भिंतीवरून काढला.

"वाटीएवढं? अहो, बोला ना!"

"उजेड कळतो," साहेब म्हणाले. "खिडकी कुठे आहे ते कळतं. बस, एवढंच."

"कधीपासून?"

"तू जागा बघायला लागलीस, त्याच्या आधीपासून."

बाई मटकन फुटपाथच्या कडेला बसल्या. आणि मग जो राग आला! सुजलेला गुडघा, टोचलेली बोटं, डोळ्यांवर पट्टी बांधून लोकांत करून घेतलेलं हसं, सगळं एकदम वर आलं. "मग मला का वणवण फिरवलंत? मी वेड्यासारखी पळतेय, नजर आहे तोवर, नजर आहे तोवर करत, आणि तुम्ही घरात बसून ताटं मोजताय? कोणासाठी चालली होती माझी ही घाई?"

साहेब काठी चाचपत खाली वाकले, बाईंच्या शेजारी बसले.

"तू पळत होतीस ना," ते म्हणाले, "तोवर मलाही वाटायचं, अजून वेळ आहे. तू थांबली असतीस तर मग सगळंच संपल्यासारखं झालं असतं."

बाईंनी त्यांचा हात घेतला. तो गार पडला होता. मागून नणंद धापा टाकत आली होती, ती तशीच दूर उभी राहिली.

साहेब म्हणाले, "रस्ता चांगला आहे गं. वाईट नाही. पण इथं कानाला काही लागतच नाही. कुठे वळलो, किती आलो, काही समजेना. माणसं जवळून गेली, पण चपलेचा आवाज यायचा, मग ती बाजूला व्हायची आणि गप्प राहायची. एकाला तरी वाटावं, हाड म्हणावं!" मग म्हणाले, "तुला शिव्या घातल्या, ती जागा कुठली?"

"कुठली?"

"तायडी सांगत होती. वेल्डिंग होतं, बेकरी होती."

"अहो, ती कसली जागा! तिथे जीव जाईल."

"जाऊ दे गेला तर. पण खुर्चीत नको."

नको म्हणून सांगितल्यावर एजंटाने कपाळाला हात लावला आणि किल्ली परत खिशात घातली. तिघं तिथून थेट कारखान्यांमागच्या वस्तीत गेली. घर अजून रिकामंच होतं. रिकामं राहणारच, असल्या गोंगाटात कोण येतंय? बाईंनी शेजारून किल्ली आणून भीतभीत दार उघडलं. साहेब आत गेलेच नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून, मान जरा तिरकी करून ऐकत राहिले. उजवीकडे वेल्डिंगचा खरखराट, डावीकडे टायरवर हातोडा, समोरून भाजलेल्या पावाचा वास आणि ट्रे आपटल्याचा आवाज. मग त्यांनी काठी पुढे केली.

"मी येते सोबत," बाई म्हणाल्या.

"नको."

नणंदेने बाईंचं मनगट धरलं. धरलं नसतं तर बाई धावल्याच असत्या. साहेब रस्त्यावर उतरले आणि लगेच एक हातगाडीवाला खेकसला, "ओ दादा! डोळे घरी ठेवून आलात काय?"

साहेब थांबले, त्या आवाजाकडे वळले. "हो ना, घरीच राहिले," ते म्हणाले. "आता बेकरी कुठंय तेवढं सांगा."

हातगाडीवाल्याचा आवाजच बदलला. "अरेच्चा! तसं होय? मग असे या, डावीकडून. गटारावर फळी आहे, हां, पाय टाका. ए टायरवाल्या, या काकांना बघ रे!" "बघतोय, बघतोय. काका, सरळ या, माझ्या ठोक्यावर या!" आणि साहेब चालले. एका ट्रकच्या आड गेले आणि बाईंना दिसेनासे झाले. बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. ट्रकच्या पलीकडून कोणीतरी ओरडलं, कोणीतरी हसलं, ब्रेक करकचला. बाईंनी डोळे मिटून घेतले. नणंद म्हणाली, "वहिनी, माझा हात तुटेल."

साहेब परत आले ते बेकरीच्या बाजूने. काखेत गरम पाव, पँटला चिखल, एका बोटाची साल निघालेली. कोणीतरी मागून ओरडत होतं, "काका, दार मागे राहिलं तुमचं, मागे फिरा!" साहेब मागे फिरले, काठीने उंबरा शोधला आणि दारात येऊन उभे राहिले.

बाईंनी तोंडावर पदर दाबून धरला. एक हुंदका आवाज न करता गिळला, दुसरा गिळला. बाहेर वेल्डिंग नुसतं किंचाळत होतं.

साहेबांनी पाव पुढे केला. "धर. आणि रडू नकोस," ते म्हणाले. "इथंसुद्धा ऐकू येतं मला."