गुऱ्हाळावरच्या बाईचं गाणं

मी आन् माझ्या बायकोनं मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे सकाळची धार. मी पारडू सोडलं, दोन ढुसण्या मारू दिल्या आन् ओढून खुंट्याला बांधलं. ती कासंडी गुडघ्यांत धरून बसली, तिचं गाणं सुरू झालं आन् म्हैस पान्हावली.

"आटप, डेअरीची गाडी थांबायची न्हाई."

"मग तुम्हीच बसा की खाली."

रोजचंच बोलणं. दुपारी कांदा निंदताना तिच्या छातीत कळ आली. दौंडच्या डॉक्टरकडं न्यायला जीप आणली, पण ती वाटेतच गेली. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलंसुद्धा.

ते गाणं आमचं नव्हतं. खुटबावला आमच्या रानाशेजारी गुऱ्हाळ लागलं तवा यूपीची माणसं आली. त्यांच्यातल्या गूळ रांधणाऱ्या गुळव्याची बायको रोज दुधाला यायची. हिला हिंदी येत नव्हती, तिला मराठी. तरी दोघींचं बोलणं संपायचं न्हाई. धार निघेस्तोवर ती भांडं घेऊन उभी राहायची आन् गुणगुणायची. म्हैस कान टवकारायची. वर्षभरात हिनं गाणं उचललं. शब्द अर्धे चुकीचे, चाल मात्र अगदी बरोबर.

शेजारच्या बारशाला हिनं पाळण्याची दोरी धरून तेच म्हटलं. बायकांना आवडलं. मग वस्तीवर भांडी घासताना तेच, पोर निजवताना तेच. एका हळदीत पोरींनी त्यावर फुगड्या घातल्या. तिथं गुळव्याची बायको आली आन् तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. हिनं विचारलं, तवा तिनं मोडकंतोडकं सांगितलं. नवरा कमवायला परमुलखात गेलाय, घर सुनं पडलंय, बायको दारात बसून वाट बघतीय. असलं ते गाणं.

मी मांडवातच तोंड सोडलं. "बारशाला रडगाणं, हळदीला रडगाणं. उद्या माझ्या मयताला पाळणा म्हण."

गुळव्याची बायको म्हणाली, "बच्चा तो सो गया था न, चाचा? फिर ठीक है."

बायका हसल्या. ही हसली न्हाई. त्या दिवसापासून माणसांत तिनं ते गाणं म्हटलं न्हाई, गोठ्यात तेवढं म्हणायची. मला वाटायचं, चारचौघींत म्हण असं तिला एकदा सांगावं. पण सांगितलं न्हाई कधी. पुढं गुऱ्हाळ बंद पडलं, ती माणसं गेली. त्या म्हशीची रेडी दुभती झाली, तीबी त्याच गाण्यावर पान्हवायची.

ही गेली त्या संध्याकाळी शेजारीण धार काढायला आली. आमच्याकडं धार काढणारी बाई बदलली की आधीचीचं लुगडं पांघरतात, वासानं म्हैस फसते. तिनं हिचं पातळ पांघरलं. गाणं तिला येत होतं, पण सुतकात कोण गातंय? ती गप बसली आन् म्हशीनं लाथ घातली. कासंडी दारापर्यंत गेली.

सकाळी बघतो तर कास दगडासारखी. ओट्यावर पाहुण्या बायका बसलेल्या. माझी थोरली बहीण म्हणाली, "पारडू सोडून दे. पिऊन टाकंल."

"एवढं प्यालं तर हगवण लागून मरंल."

मी ते पातळ खांद्यावर घेतलं आन् म्हशीखाली बसलो. मला पहिली ओळच येत होती. इतकी वर्षं रोज ऐकून एकच ओळ. ती म्हटली. दारात बसून वाट बघतीय, एवढं ठाऊक होतं. पुन्हा तीच म्हटली.

बहीण गोठ्याच्या तोंडाशी आली. "अरं, सुतकात गातोस व्हय?"

"गात न्हाई. धार काढतोय."

म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मी तीच ओळ आणखी दोनदा म्हटली, तवा सडांत दूध उतरलं. कासंडी निम्मी झाली आन् मी पारडू सोडलं.