गप्प बसायची नोकरी

आमच्या सूनबाईला देवानं जीभ दिली, पण ती थांबवायची कशी हे सांगायचं राहून गेलं असावं. सकाळी तिचे डोळे उघडायच्या आधी तोंड उघडतं. भांडी घासताना ती भांड्यांशीही बोलते, आणि ती उत्तर देत नाहीत याचं तिला काही वाटत नाही.

अशा बाईनं विद्यापीठात संशोधन घेतलं ते ऑटिझम असलेली मुलं बोलायला कशी शिकतात यावर. "म्हणजे ती मुलं बोलत नाहीत का गं?" मी विचारलं होतं. "बोलतात ना आई. कुणी शब्दांनी, कुणी हातानं. त्यांचा रस्ता वेगळा असतो, तो मला बघायचाय."

एका खोलीत आई आणि मूल खेळतात, कोपऱ्यात कॅमेरा चालू असतो, सूनबाई शेजारी बसते. मग घरी येऊन, कानात यंत्र खुपसून, मुलानं काढलेला एकेक आवाज लिहून काढते. हुंकारसुद्धा. माझा मुलगा म्हणाला, "माझा 'हुं' कधी लिहिला नाहीस."

"तुझ्या 'हुं'ला अर्थ असता तर लिहिला असता."

मुलांची नावं ती घरी सांगत नाही, तसा तिच्या कामाचा नियम आहे. म्हणून त्यातल्या एका पाचेक वर्षांच्या मुलीला आम्ही बटणराणी म्हणायचो. मोठाल्या बटणांनी भरलेला पत्र्याचा डबा हा तिचा जीव की प्राण. त्या मुलीच्या आईचा एका संध्याकाळी फोन आला. सूनबाईचे हात कणकेत होते, म्हणून फोन मोठ्या आवाजावर होता.

"ताई, मी विचारते 'झाकण उघडू का?' तर तीही म्हणते 'झाकण उघडू का?' नुसता पोपट झालाय. वर्ष होत आलं. या बुधवारी येते, ती शेवटची."

सूनबाईचा चेहरा उतरला. वर्षभराचं काम अर्धवट राहणार होतं, पण तिला खुपत होतं ते 'पोपट'. ती पोर उगाच बोलत नाही, असं तिला आतून वाटत होतं. पण दाखवणार कसं?

त्या संध्याकाळी तिनं जुनी चित्रणं परत लावली. मी शेजारी भाजी निवडत होते. जरा वेळानं तिनं कानातलं काढलं.

"आई, हिला बोलायला जागाच नाहीये. ही तोंड उघडणार, तेवढ्यात कुणीतरी बोलतंच."

"कोण, तिची आई?"

"थोडी तिची आई. बाकी सगळी मी."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत. मी हसले. आधी रुसली, मग तीही हसली.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू. काहीतरी विचारायचं आणि ओठ मिटून बसायचं. मुलगा म्हणाला, "लग्नानंतर घरात पंख्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकतोय." पण ती गप्प बसली की समोरच्याला बोलावंच लागतं. "आई, भाजी कशी झालीये?" विचारून ती बघत बसली, आणि तिच्या भाजीत कायम मीठ जास्त असतं, हे माझ्या तोंडून निघून गेलं. तेही तिनं गप्प बसून ऐकलं. तेव्हा मला खात्री पटली, पोरीला जमणार.

बुधवारी माझ्याजवळची जुनी बटणं घेऊन मीही गेले. बटणराणीची आई म्हणाली, "बसू द्या आजींना." मला मात्र तोंड उघडायला बंदी होती.

"आज काही विचारायचं नाही," सूनबाईनं त्या बाईला सांगितलं. "डबा फक्त मांडीवर धरा."

पोरीनं डबा हलवला. वाजवला. झाकणाला नखं लावून पाहिली. मग खिडकीशी निघून गेली. तिच्या आईचे ओठ हलायला लागले. सूनबाईचे गाल तर पाण्यात बुडी मारलेल्या माणसासारखे फुगले होते. माझ्या पोटातही वाक्यांची गर्दी झाली होती.

पोर परत आली. आईचा हात उचलून तिनं झाकणावर ठेवला आणि झाकणाकडेच बघत म्हणाली, "झाकण उघडू का?"

"हे तर माझंच वाक्य," आई म्हणाली.

"तुमचंच," सूनबाई सावकाश म्हणाली. "पण आज तुम्ही ते बोललाच नव्हतात. हे म्हटलं की डबा उघडतो, हे तिला माहीत आहे. ती मागतेय."

डबा उघडला. बटणं खळखळली, पोरीनं दोन्ही हात फडफडवले आणि खुदकन हसली. तिची आई मात्र बटणांकडे बघत बसली.

"परवा फ्रिजपाशी उभी राहून म्हणत होती, 'भूक लागली का?' मी म्हटलं, नाही गं, आत्ताच जेवले की मी." ती थांबली. "म्हणजे तिलाच लागली होती."

निघताना लेकीच्या पायात बूट चढवता चढवता तिनं विचारलं, "ताई, मग पुढच्या बुधवारी किती वाजता?"

सूनबाईनं तोंड उघडलं. शब्द काही येईना. डोळे तेवढे भरून आले. त्या बाईनं परत विचारलं नाही. दुसरा बूट हातात धरून ती स्टुलावर बसली आणि थांबली, चांगली निवांत.

"याच वेळी," शेवटी सूनबाई म्हणाली.

एवढं थोडं बोललेली मी तिला त्यानंतर कधी पाहिलेली नाही.