पडद्यावरची आई

"शूज काढ, बाळ. मोजे पण. स्टेजवर अनवाणी उभी राहा. लोकांना बरं वाटतं."

डॉक्टरसाहेब अमेरिकन, पण हे मराठीत म्हणाले. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आम्ही दोघं सोडून मराठी कळणारी एकच व्यक्ती होती, त्यांची बायको. बाकी सगळे शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे गोरे लोक. बाहेर गुडघाभर बर्फ. मी सकाळची ड्यूटी करून, गाडीत युनिफॉर्मवर कोट चढवून आले होते. मॅडमनी माझ्यासाठी साडी आणून ठेवली होती. पांढरी, काठाची. ती बाथरूममध्ये नेसले. आणि आता हे.

मी शूज काढले.

गावात वरच्या आळीतून जाताना माझी आई चपला हातात घ्यायची. पायात ठेवल्या तर पाटलाच्या ओट्यावरून शिवी यायची. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली होती, घरात बुद्धाची तसबीर होती, तरी त्या आळीत चपला हातातच. हे सगळं मला त्या थंडगार फरशीवर उभी असताना आठवलं. अमेरिकेत. नव्वदच्या दशकात. ज्यांनी माझा पाय वाचवला त्यांच्या सांगण्यावरून.

हो, पाय त्यांनीच वाचवला. हे मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

मी पाच-सहा वर्षांची असेन. आई गुऱ्हाळावर चुलाण्यात चिपाडं घालायच्या कामाला होती. मी तिथेच खेळायचे. चुलाण्यातली राख बाहेर ओढून टाकलेली, वरून विझलेली दिसणारी. त्यात माझा उजवा पाय गेला, पार घोट्यापर्यंत. गुऱ्हाळाच्या मालकाची बैलगाडी तिथेच सोडलेली होती. आई त्याच्या पाया पडली. तो म्हणाला, "गाडी बाटल. दुसरं कायतरी बघ." दुसरं काय होतं? तिची कंबर. तिनं मला कडेवर घेतलं आणि शेताशेतातून, नदीतून चालत मिशनच्या दवाखान्यात आणलं. फाटकाशी पोचली तेव्हा तिच्या स्वतःच्या पायातून रक्त येत होतं.

डॉक्टरसाहेब तेव्हा तरुण होते. त्यांनी माझ्या मांडीची कातडी काढून पावलावर लावली. ड्रेसिंग स्वतः करायचे. तालुक्याच्या डॉक्टरनं आमच्या लोकांना कधी हात लावला नव्हता, लांबूनच गोळी फेकायचा. हे मात्र माझा पाय मांडीवर घ्यायचे. रोज सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची. आई डोळे मिटून हात जोडायची. पुढे तिला तिथेच बँडेज धुवायचं काम मिळालं, मागच्या बाजूला एक खोली मिळाली. मी मिशनच्या शाळेत शिकले, मिशनमध्येच नर्स झाले. साहेब रिटायर होऊन इकडे परत आले, आणि काही वर्षांनी त्यांच्याच शब्दावर मी इकडे आले. आई तिथेच राहिली, त्या खोलीत.

म्हणून साहेबांनी सांगितलं की हो म्हणायचं. हे मी आईकडून शिकले होते.

स्लाइड्स सुरू झाल्या. खट्. धुळीचा रस्ता. खट्. दवाखान्याचं फाटक. खट्.

पडद्यावर माझी आई होती.

भिंतीएवढी. जमिनीवर बसलेली, पाठ भिंतीला. पदर खांद्यावरून घसरलेला, चोळी काखेत फाटलेली. मांडीवर मी, पायाला हे मोठं बँडेज. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. माझ्या पायाकडे बघत होती. असा फोटो कुणी काढलाय हे मला आयुष्यात माहीत नव्हतं. तिलाही नसणार. तिला कोण विचारणार?

साहेब इंग्लिशमध्ये सांगू लागले. आवाज मऊ. "ही आई या मुलीला आमच्या फाटकाशी टाकून निघून गेली होती. तिच्या जगात अस्पृश्य मुलीला काही किंमत नसते. आम्ही त्या आईला शोधून आणलं. मुलीवर प्रेम कसं करायचं हे तिला येशूच्या नावानं शिकवलं."

हॉलमधून एक लांब "ओह" आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले.

"आणि ती छोटी मुलगी आज आपल्यामध्ये आहे."

टाळ्या. सगळे माझ्या पायांकडे बघत होते. डाग शोधत होते. साहेबांनी माझ्या हातात माइक दिला आणि हळूच मराठीत म्हणाले, "दोन शब्द. येशूनं काय केलं ते सांग."

मला अपमान नवा नव्हता. पण तो माझा असायचा. मी गिळायचे. हा माझा नव्हता. जिनं मला नदीतून आणलं, तिला भिंतीवर उघडी टाकून हा माणूस सांगत होता की तिला प्रेम येत नव्हतं. आणि ती तिकडे सातासमुद्रापार त्याच्यासाठी बँडेज धूत होती.

मी म्हणाले, "ही माझी आई आहे. तिचं नाव गयाबाई. तिनं मला टाकलं नव्हतं. ती मला उचलून घेऊन चालत आली. मला प्रेमानं पहिल्यांदा हात कुणी लावला असेल तर तिनं. डॉक्टरांनी माझा पाय बरा केला, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण हे जे सांगितलं ते खोटं आहे. ही स्लाइड काढा."

माझं इंग्लिश थरथरत होतं. पण कळण्यासारखं होतं. सगळ्यांना कळलं.

मग पास्टर उठले, माझ्या खांद्यावर हात टाकला, माइक काढून घेतला. "आपल्या बहिणीला भरून आलंय. चला, तिच्यासाठी प्रार्थना करू या." सगळ्या माना खाली गेल्या. मी एकटी मान वर करून उभी. माझं बोलणं त्या प्रार्थनेखाली गाडलं गेलं. आमेन झालं. पुन्हा टाळ्या. खट्. पुढची स्लाइड, नवीन ऑपरेशन थिएटर.

पार्किंगमध्ये मॅडमनी मला गाठलं. "इतकं केलं तुझ्यासाठी. आणि चारचौघांत त्यांना खोटं पाडलंस?"

साहेब रागावलेले नव्हते. थकलेले दिसत होते. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना ते खरंच वाटत असावं, अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं. ते म्हणाले, "बाळ, गोष्ट थोडी बदलली तर काय बिघडतं? त्या गोष्टीवर देणग्या येतात, तिथला दवाखाना चालतो. तुझ्यासारखी किती मुलं वाचतात."

मी म्हणाले, "मग तुमच्या आईची गोष्ट बदला."

त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं.

बातमी आमच्या मराठी मंडळात पोचली. एका काकूंनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "ब्राव्हो हं! बरं सुनावलंस त्या मिशनऱ्यांना. आपल्या धर्माची किती बदनामी करतात इथे!" मला वाटलं होतं, निदान इथे तरी कुणी आईबद्दल बोलेल. मी म्हणाले, "काकू, साहेब एकाच गोष्टीत खोटं बोलले. आम्हाला कुणी शिवत नव्हतं, हे खरंच होतं. बैलगाडी ज्यानं दिली नाही तो मिशनरी नव्हता." काकूंनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "जुनं कशाला उगाळायचं? आता इथे आपण सगळे सेमच ना. बाय द वे, तुझं आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं. पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही.

मग आईचा फोन. दवाखान्याच्या ऑफिसमधून. तिला कुणी काय सांगितलं होतं माहीत नाही. ती रडत होती.

"डाक्तरसायबाला काय बोललीस गं तू? तुजा पाय त्यांनी वाचिवला."

"आई, ते म्हणाले तू मला टाकून गेली होतीस. तुझा फोटो दाखवतात. अंगावर पदर नसलेला."

ती म्हणाली, "दावू दे. काय झिजतंय माजं? तू माफी माग."

"नाही."

"माज्यासाटी माग."

"आई, तुझ्यासाठीच मागत नाही."

तिनं फोन ठेवला.

काही महिन्यांनी नव्या नर्सेसना जागा हवी म्हणून तिची खोली गेली. कुणी काढलं असं नाही. सगळं गोड बोलून झालं. ती गावाला माझ्या भावाकडे गेली. तिला खोकला लागला, वजन उतरलं. भाऊ म्हणाला मिशनच्या दवाखान्यात नेतो. ती म्हणाली, "कोणत्या तोंडानं जाऊ?" गेली नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्हरांड्यात तिला जागा मिळाली. मी रजा मिळवून पोचले तेव्हा माती झाली होती.

मी तेव्हा माफी मागितली असती तर ती कदाचित जगली असती. हे मला कुणी सांगायची गरज नाही. मी नर्स आहे. टीबी बरा होतो.

परत आल्यावर मी साहेबांना फोन केला. आई गेल्याचं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. मी म्हणाले, "आता तरी ती स्लाइड मला द्या." ते म्हणाले, "ती मिशनची आहे, बाळ. आणि आता तिला काय फरक पडणार?"

फरक. हा शब्द त्यांनी आईच्याच भाषेत वापरला.

ती स्लाइड अजून फिरते. या गावातून त्या गावात. ती बंद पडेल अशी मला आशा नाही. कुणी ऐकेल अशीही नाही. पण मी मिशनची पत्रकं वाचून ठेवते, पुढचा कार्यक्रम कुठे आहे. जिथे गाडी जाते तिथे जाते. मागच्या रांगेत बसते. आई पडद्यावर आली की उठते आणि मोठ्यानं सांगते, ही गयाबाई, हिनं आपल्या मुलीला टाकलं नव्हतं. एका ठिकाणी मला दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं. एका ठिकाणी माझ्यासाठी पुन्हा प्रार्थना झाली.

करू देत. मी पुढच्या रविवारी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही.